साधनाताई आमटे : आनंदवनाची आई
बाबा आमटे यांच्या सहधर्मचारिणी साधनाताई (१९२६–२०११) यांनी वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, म्हणजे महारोगी सेवा समितीने कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या वसाहतीत, विकास आणि प्रकाश ही लहान मुले सांभाळत त्या विस्तारलेल्या कुटुंबाचा संसार पेलला. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होऊन त्वचा बधिर होते, चुलीचा चटका किंवा पायात रुतलेला काटा कळत नाही आणि जखम चिघळत जाते. म्हणून रोज हातपाय न्याहाळणे, जखम धुऊन पट्टी बांधणे हे औषधाइतकेच निर्णायक असते, मात्र चरित्रकार बहुधा अशी शुश्रूषा एका ओळीत उरकतात. साधनाताईंचे ‘समिधा’ हे आत्मकथन म्हणूनच बाबांच्या कोणत्याही चरित्राआधी वाचावे.