सुट्टीच्या दिवशी दमणारा कॉम्प्रेसर

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री. साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी आम्ही तिथं एकच यंत्र चालू केलं, ५५ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर. मोल्डिंग बंद, ग्राइंडर बंद. हवा कुणालाच नको होती. पाइपांत एकदा दाब भरला की कॉम्प्रेसरनं स्वस्थ राहायला हवं.

तो राहिला नाही. दाब ७ बारवर गेला की अनलोड व्हायचा, काटा ६ वर उतरला की पुन्हा लोड. मी घड्याळ धरून वेळा लिहीत गेलो. दहा फेऱ्यांची सरासरी आली : लोड ४२ सेकंद, अनलोड ८४. म्हणजे १२६ पैकी ४२. कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा नुसता गळत होता. नीट राखलेल्या कारखान्यात गळती १० टक्क्यांच्या आत असते.

माझ्याकडं अल्ट्रासॉनिक यंत्र होतं. बारीक फटीतून सुटणारी हवा आपल्या कानापलीकडचाही आवाज करते. तो हे यंत्र हेडफोनवर ऐकवतं, म्हणून चालू शेडच्या गोंगाटातही गळती सापडते. पण आज शेड इतकी शांत, की देखभालीतले मामा साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश घेऊन नुसत्या कानावर पुढं निघाले.

"साहेब, इथं हात धरा की."

मनगटाला गार झुळूक लागली. ब्रश फिरवताच बुडबुडे फुगले. क्विक कपलिंगमधली झिजलेली रबरी रिंग हा सगळ्यात मोठा चोर. मग होजचे क्लॅम्प, थ्रेडवरचा फाटलेला टेफ्लॉन टेप. एका टोकाला ड्रेन व्हॉल्व्ह मुद्दाम किलकिला ठेवलेला, लाइनीतलं पाणी आपोआप जावं म्हणून. पाण्यासोबत हवाही जात होती, रात्रंदिवस.

७ बारला ३ मिलिमीटरचं भोक सुमारे ३ किलोवॅट खातं. लाइन बारा महिने भरलेली असेल, तर एका भोकाचे वर्षाला २५ हजारांवर युनिट. तरीही हवा कमी पडली की दाब वाढवायचा, नाहीतर मोठा कॉम्प्रेसर आणायचा, ही रीत मला फार खटकते. वाढलेल्या दाबानं गळतीच आणखी जोर धरते.

दुपारपर्यंत ३१ जागी लाल चिठ्ठ्या बांधल्या. मामांनी संध्याकाळपर्यंत १९ जागा दुरुस्त केल्या आणि आम्ही पुन्हा घड्याळ लावलं. लोड ३२ सेकंद. अनलोड झाल्यावर काटा उतरायची वाट बघत दोघंही उभे राहिलो. २२४ सेकंद लागले.

गळती आता आठव्या हिश्श्यावर आली होती. मामांचं लक्ष मात्र उरलेल्या १२ चिठ्ठ्यांकडं होतं.

"रिंगा कधी येत्यात, साहेब?"