ॲम्पचा आवाज जातो कुठे?

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाला आठ दिवस उरलेले आणि इथे मस्कतमध्ये आमच्या गिटारच्या ॲम्पचा आवाज मध्येच बसायचा, मग आपोआप परत यायचा. असा लपंडाव खेळणारा बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली, गिटार बदललं, फरक नाही. मग मागच्या 'सेंड' आणि 'रिटर्न' जॅकमध्ये छोटी केबल जोडली आणि आवाज खणखणीत! रिटर्नमध्ये पिन नसते तेव्हा सिग्नल त्या जॅकच्या आतल्या पट्टीतूनच पुढे जातो. दमट हवेने तिच्यावर थर चढला होता. ॲम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, झालं काम! मंडळी, ॲम्प उघडायचा मोह मात्र टाळा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरू शकतो.