राखेत उरलेली माती

लाल तिखटाचा छोटा नमुना मुशीत घालून भट्टीत जाळला की त्याची राख होते. त्या राखेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून उकळी आणली की मिरचीतले बरेचसे क्षार विरघळतात. गाळून मागे राहते ती बहुतेक वाळू आणि माती. आपल्या अन्नसुरक्षा मानकांनुसार तिखटात ही न विरघळणारी राख १.३ टक्क्यांहून जास्त चालत नाही. मिरची ताडपत्रीवर वाळली की उघड्या जमिनीवर, याची खूण असा चिमूटभर गाळ देऊन जातो.

अशी राख वाचणारी देशातली मध्यवर्ती जागा नागपुरात आहे. उत्तर अंबाझरी मार्गावरची केंद्रीय ॲगमार्क प्रयोगशाळा ही केंद्र सरकारच्या पणन व निरीक्षण संचालनालयाची. संचालनालय १९३५ सालचे. शेतमालाच्या प्रतवारीचा आणि चिन्हांकनाचा कायदा १९३७ चा. देशभरातल्या ११ प्रादेशिक प्रयोगशाळांची ही शिखर संस्था. प्रतवारीची मानके ठरवण्यासाठी नमुने तपासणे, चाचणीच्या पद्धती पक्क्या करणे आणि रसायनतज्ज्ञांना प्रशिक्षण देणे ही तिची कामे.

हे प्रशिक्षण फार मोलाचे आहे. ॲगमार्कचा शिक्का मागणाऱ्या उत्पादकाला आधी अधिकारपत्र घ्यावे लागते. त्यानंतर मालाची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त रसायनतज्ज्ञाने तपासायची, प्रत ठरवायची, मगच पाकिटावर शिक्का. बाजारातून उचललेले नमुने संचालनालय पुन्हा तपासते. म्हणजे ॲगमार्कचा शिक्का असलेल्या तुपाच्या डब्यामागे हाताने केलेली चाचणी उभी असते. वनस्पती तुपात तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती पूर्वी भेसळ ओळखता यावी म्हणूनच झाली: वनस्पती मिसळलेल्या तुपात आम्ल व फरफ्युरल घालून हलवले की लाल रंग उमटतो आणि चोरी पकडली जाते.

आता शेतकऱ्याची बाजू पाहू. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शेतकऱ्याच्या हातातल्या कच्च्या शेतमालाला ‘प्राथमिक अन्न’ या व्याख्येबाहेर ठेवले आहे. पण भिवापूरच्या वाळवणावरची तीच मिरची बचतगटाने दळून पाकिटात भरली की गट अन्न व्यावसायिक ठरतो. मग नोंदणी आली, पाकिटावर चौदा अंकी क्रमांक आला, खेप क्रमांक आणि तारीख आली. अनेक बाया इथेच बिचकतात. वास्तविक कागदपत्रे चार दिवसांत जमतात. अवघड भाग अंगणात असतो. मिरची कडक वाळली नाही, तर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. ते दळल्याने जात नाही, फोडणीत टाकल्यानेही नाही. तिखटातला ओलावा ११ टक्क्यांच्या आत हवा, तो याचसाठी.

म्हणून नियम समजावून सांगणाऱ्यांनी फॉर्मपासून नव्हे, वाळवणापासून सुरुवात करावी. ताडपत्री अंथरा, डागी मिरची दळण्याआधी वेगळी काढा, चक्की दर वेळी झाडून घ्या, पोते जमिनीला टेकवू नका. आणि लेबल छापायला देण्याआधी पहिली खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. चूक तिथे सापडली तर एक खेप जाते. गिऱ्हाइकाच्या ताटात सापडली तर गटाचे नाव जाते.