ठेवपावती हातात आहे, हमी कोणाची?

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा फ्रँक काप्रा यांचा १९४६ सालचा चित्रपट अमेरिकेत आजही नाताळात घरोघरी पाहिला जातो. त्यात एका लहान गावातली, घरासाठी कर्ज देणारी संस्था आहे. आपल्याकडच्या पतसंस्थेच्या जवळपास जाणारी. एके दिवशी घाबरलेले ठेवीदार तिच्या दारात जमतात. संस्था चालवणारा जॉर्ज बेली मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर काउंटरवर मांडतो आणि प्रत्येकाने गरजेपुरतेच घ्यावेत म्हणून विनवतो. संध्याकाळी दोन डॉलर शिल्लक राहतात, पण संस्था तरते.

बीडमध्ये २०२३ च्या अखेरीस ज्ञानराधा मल्टीस्टेट या पतसंस्थेच्या शाखांपुढे अशीच गर्दी झाली. तिथे मात्र शाखा बंद पडल्या, लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले आणि २०२४ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली. कुणाचे मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, कुणाचे निवृत्तीचे, कुणाचे कापूस-सोयाबीनचे पैसे त्यात होते. या आघातानंतरही काही समजुती लोकांच्या मनात कायम आहेत. त्या दूर व्हायलाच हव्यात.

गैरसमज : अफवेमुळे गर्दी झाली, म्हणून संस्था बुडाली.
वस्तुस्थिती : कोणतीही बँक किंवा पतसंस्था सगळ्या ठेवी तिजोरीत ठेवत नाही. चित्रपटात जॉर्ज लोकांना हेच समजावतो : तुमचे पैसे इथे नाहीत, ते शेजाऱ्यांच्या घरांत गुंतले आहेत. कर्जे खरी असली, तारण भक्कम असले आणि हप्ते येत असले, तर गर्दीचे संकट निभावते. ज्ञानराधाबाबत अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप असा की, १२ ते १४ टक्के परताव्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा केल्या आणि दोन हजार कोटींहून अधिक रक्कम अध्यक्षांच्याच उद्योगसमूहाकडे कर्ज म्हणून वळवली. प्रकरण न्यायालयात आहे. ठेवीदाराने विचारायचा प्रश्न मात्र आजच स्पष्ट आहे : आपला पैसा कर्ज म्हणून कोणाकडे गेला?

गैरसमज : मल्टीस्टेट म्हणजे बँकच.
वस्तुस्थिती : मल्टीस्टेट ही बहुराज्य सहकारी पतसंस्था असते. पावतीवर नाव नीट वाचा. ‘को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी’ असे लिहिलेले असेल आणि नोंदणी क्रमांक ‘एमएससीएस’ने सुरू होत असेल, तर ती बँक नाही. चकाचक शाखा, पासबुक, पिग्मी एजंट आणि लॉकर असले म्हणून बँकेचा परवाना मिळत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जनतेला सावध केले होते : सहकारी संस्थांनी परवान्याशिवाय नावात ‘बँक’ हा शब्द वापरू नये; बिगरसभासद, नाममात्र किंवा सहयोगी सभासदांकडून ठेवी घेणे म्हणजे कायदा मोडून बँकिंग करणेच होय. ठेवीच्या अर्जासोबत ‘इथेही एक सही करा’ म्हणून पुढे केलेला कागद नाममात्र सभासदत्वाचा असू शकतो. सहीपूर्वी तो वाचा.

गैरसमज : नोंदणी केंद्र सरकारची आहे, म्हणजे सरकारची हमी आहे.
वस्तुस्थिती : २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली केंद्रीय निबंधक नोंदणी करतात, ठेवीची हमी घेत नाहीत. या संस्था स्वायत्त असून आपल्या सभासदांना उत्तरदायी असतात. २०२३ च्या दुरुस्तीने ठेवीदार सभासदांच्या तक्रारींसाठी सहकार लोकपालाची तरतूद झाली. तक्रारीला जागा मिळाली, पण पैशाला हमी मिळाली नाही.

गैरसमज : पाच लाखांपर्यंतचा विमा सगळीकडे लागू आहे.
वस्तुस्थिती : ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते बँकांतील ठेवींना. व्यापारी, ग्रामीण, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँका त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, मग ती राज्याच्या कायद्याखालची असो वा मल्टीस्टेट.

गैरसमज : एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत पैसे ठेवले की विमा वाढतो.
वस्तुस्थिती : एका ठेवीदाराच्या त्या बँकेतील सर्व शाखांमधल्या ठेवी एकत्र धरतात. व्याजही त्यातच मोजतात. मुद्दल ४ लाख ९० हजार आणि व्याज ३० हजार असेल, तर ५ लाखच मिळतील. रक्कम मोठी असेल, तर ती वेगवेगळ्या बँकांत ठेवावी.

गैरसमज : माणूस ओळखीचा आहे, पैसा कुठे जातो?
वस्तुस्थिती : जॉर्जपेक्षा सरळ माणूस सापडणे अवघड. तरी त्याच्या काकांच्या हातून आठ हजार डॉलर हरवतात आणि जॉर्जवर तुरुंगाची वेळ येते. शेवटी गाव वर्गणी काढून त्याला वाचवते. चित्रपटात ते शोभते, पण लाखो ठेवीदारांची भरपाई कोणतेही गाव वर्गणीने करू शकत नाही. चांगुलपणा म्हणजे लेखापरीक्षण नव्हे आणि विमाही नव्हे. बँका बरेच कमी व्याज देत असताना कुणी बारा-चौदा टक्के देत असेल, तर त्याला कर्ज त्याहून महाग द्यावे लागणार. तेवढ्या व्याजाने कर्ज कोण घेतो, हे विचारा.

गैरसमज : पैसे अडकले की हातात काहीच उरत नाही.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त करून, विशेष न्यायालयामार्फत तिची विक्री करून ठेवीदारांना वाटप करता येते. वाट लांब असते. म्हणून मूळ पावती कुणाच्याही हवाली करू नका, तिची झेरॉक्स द्या, तक्रारीची पोच घ्या.

पतसंस्थेत पैसे ठेवूच नयेत, असे नाही. अडीनडीला तारणारी सचोटीची पतसंस्था गावाचा आधार असते. पण वार्षिक सभेला जा, ताळेबंद मागा, थकबाकी विचारा, आणि आयुष्यभराची सगळी पुंजी विमा नसलेल्या एकाच ठिकाणी ठेवू नका.