सिकलसेल आणि परिचर्या संशोधन

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. सदोष हिमोग्लोबिनमुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील या विकाराची नोंद १९५८ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध केली. गोंड, परधान यांसारख्या आदिवासी जमाती आणि दलित समाजांत त्याचे प्रमाण जास्त आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

दोष जनुकात असला, तरी तो किती छळणार हे बरेचसे परिस्थितीवर ठरते. हायड्रॉक्सियुरियाने वेदनांचे झटके कमी होतात, पण औषध नियमित घ्यावे लागते. दूर गावच्या मजुराला त्यासाठी रोजी बुडवून नागपूरचे ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ रुग्णालय गाठावे लागते. शरीरातले पाणी कमी झाले की झटका येऊ शकतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात राबणाऱ्याला हा धोका सर्वाधिक असतो.

परिचर्या संशोधनाचे क्षेत्र इथे सुरू होते. औषध लिहून दिल्यानंतर ते घरी पोहोचले का, मध्येच का बंद पडले, रुग्णाने सांगितलेल्या वेदनेवर वॉर्डात विश्वास ठेवला गेला का, हे त्याचे प्रश्न आहेत. वेदना शून्य ते दहा या मापावर नोंदवतात; औषधे चुकण्याची कारणे मुलाखतींतून शोधतात; समुपदेशनापूर्वी आणि नंतर मातांची माहिती किती वाढली, हे प्रश्नावलीने तपासतात. परिचर्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंध सक्तीचा असल्याने अशा अभ्यासाला कायमची जागा आहे.

त्यात काही पथ्ये अटळ आहेत. प्रश्न रुग्णाच्या बोलीत, गरज पडल्यास गोंडीत विचारावे लागतात. वाहक असल्याचे उघड झाल्यास मुलीचे लग्न मोडू शकते, म्हणून संमती आणि गोपनीयता काटेकोरपणे पाळावी लागते. निष्कर्षही अभ्यासातील वस्तीला समजतील अशा शब्दांत सांगायला हवेत.

२०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत सिकलसेलचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीतून रुग्ण सापडतात. ते उपचारांत टिकतात की गळतात, हे गावपातळीवरची परिचारिका जवळून पाहते. तिची निरीक्षणे शास्त्रीय पद्धतीने नोंदली गेली, तरच औषधवाटप, रक्तपुरवठा आणि समुपदेशन यांतली उणीव नेमकी कुठे आहे ते कळते आणि ती भरून काढता येते.