पहिल्या रांगेतली विद्यापीठं

बारावीचा निकाल लागला की जव्हारच्या बाजारपेठेत आणि मोखाड्याच्या एस.टी. स्टँडवर एकच विचारणा सुरू होते. मुंबई विद्यापीठ मोठं की पुण्याचं? आणि ते पवईचं आयआयटी म्हणतात, ते नेमकं कशानं मोठं? प्रश्न साधा वाटतो. पण जगातल्या नामांकित विद्यापीठांनी तो आपापल्या परीनं सोडवून पाहिला आहे आणि त्यांची उत्तरं मोठी गमतीची आहेत.

विद्यापीठ दोन कामं करतं. असलेलं ज्ञान शिकवतं आणि नसलेलं शोधतं. ज्यांचा भर दुसऱ्या कामावर, ती संशोधनप्रधान विद्यापीठं. अमेरिकेत अशा १४ विद्यापीठांनी १९०० साली आपली एक संघटना काढली. त्या काळी विद्येचा दरारा जर्मनीचा. अमेरिकन पदवीला तिकडे कोणी फारसं मोजत नसे, म्हणून चांगल्यांनी एकत्र बसून पदवीची पत राखावी, हा हेतू. ब्रिटनमध्ये १९९४ साली १७ विद्यापीठांचा असाच गट झाला. लंडनच्या रसेल हॉटेलात जमायचे, म्हणून तो 'रसेल ग्रुप'. आज त्यात २४ विद्यापीठं आहेत. यातलं कुठलंही परीक्षा देऊन आत आलेलं नाही. आधी बसलेल्यांनी बोलावलं, म्हणून आलं. मुशायऱ्यात कुणी कितव्या क्रमानं वाचायचं हे मंचावरचेच लोक ठरवतात, श्रोत्यांना कोण विचारतो!

मात्र एकदा आत आलं की बैठक कायमची, असंही नाही. नेब्रास्का विद्यापीठ १९०९पासून त्या अमेरिकन संघटनेचं सभासद होतं. २०११ साली बाकीच्या सभासदांनी मतदान करून त्याला बाहेर काढलं. कारण ऐकण्यासारखं आहे. संघटना मोजते काय, तर स्पर्धेतून मिळवलेला संशोधननिधी, शोधनिबंधांची इतरांनी घेतलेली दखल, प्राध्यापकांचे सन्मान. नेब्रास्का हा मक्याचा आणि गुरांचा मुलूख. तिथल्या संशोधनाचा मोठा भाग शेतीचा आणि शेतीचा सरकारी पैसा बराचसा ठरलेल्या सूत्रानं राज्यांना वाटला जातो. स्पर्धेतून आलेला नाही म्हणून तो हिशेबात धरला गेला नाही. विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र वेगळ्या प्रशासनाखाली होतं, म्हणून तेही वगळलं. जमीन तीच, माणसं तीच, काम तेच. मापट्यात काय टाकायचं, यावर सगळं ठरलं.

आपल्याकडे मुळातच गोष्ट वेगळी सुरू झाली. १८ जुलै १८५७ला मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. संशोधन पुढे आलं, पण बरंचसं विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर. पुण्याची भांडारकर संस्था १९१७ची, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३०ची, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ची. जे आत रुजलं, त्यातलंही काही उठून गेलं. माटुंग्याचा रसायन तंत्रज्ञान विभाग विद्यापीठानंच १९३३ साली काढला. 'यूडीसीटी' म्हणून त्याचं नाव जगभर झालं आणि २००८ साली त्याला स्वतंत्र अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कर्तबगार मुलगा वेगळा राहिला, तर त्याची मिळकत घराच्या खात्यावर कशी दिसणार?

मागे राहिला परीक्षांचा डोंगर. जव्हारचं कॉलेज याच विद्यापीठाशी संलग्न आहे, मोखाड्याचंही. तलासरीपासून सावंतवाडीपर्यंत अशी आठशेच्या आसपास कॉलेजं आहेत. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या गोंधळात निकाल कित्येक आठवडे रखडले. नेमक्या त्याच वर्षी केंद्र सरकारनं 'इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स' ही योजना आणली. दहा वर्षांत जगातल्या पहिल्या ५०० संस्थांत यायचं, पुढे पहिल्या १००त. सरकारी संस्थेला पाच वर्षांत १,००० कोटी रुपयांपर्यंत मदत. जुलै २०१८च्या पहिल्या यादीत सहा नावं होती. त्यात आयआयटी मुंबई होती. नवी मुंबईची जिओ इन्स्टिट्यूटही होती, जी तेव्हा अजून उभीच राहायची होती! नियमांत नव्या संस्थांसाठी वेगळं खातं होतं, म्हणून ते शक्य झालं. पाळण्याआधीच बारसं झालं म्हणायचं.

आता हे मापटं घेऊन आपल्या डोंगरात या. मोखाड्यात पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. वैतरणेवरची धरणं भरतात आणि ते पाणी मुंबईला जातं. एप्रिलमध्ये मात्र पाड्यापाड्यांवर हंडे घेऊन टँकरची वाट बघायची. कातळात पाणी कुठे थांबतं आणि कुठून निसटतं, हा अस्सल संशोधनाचा विषय आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली. वरकस जमिनीवर नागली-वरई पिकवणाऱ्या घरातलंच मूल का खंगतं, हाही तेवढाच अवघड विषय. आयआयटीत 'सितारा' नावाचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५पासून आहे. ठाणे-पालघरच्या टँकरवरच्या गावांचा अभ्यास तिथल्या मंडळींनी केला आहे. पण असा अहवाल जिल्हा परिषदेच्या टेबलावर जातो, परदेशी नियतकालिकात त्याची दखल घेणारा क्वचितच. आयआयटी यादीत आहे, ती काही या कामामुळे नाही.

दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२चं. आपला जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. कर्जतच्या केंद्रात निघालेलं 'कर्जत-३' भात इकडच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं, विद्यापीठाचा क्रमांक ठाऊक नसतो. नेब्रास्काचा न्याय लावला तर दापोलीला दारातच अडवतील. आणि शेजारच्या डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे केलं त्याला तर खातंच नाही. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, असा प्रयोग त्यांनी केला. प्रश्न, प्रयोग, पडताळणी, सगळं त्यात आहे. त्यामागे कुठल्या विद्यापीठाचा विभाग नव्हता.

मग पहिल्या रांगेत कोण? माझं विचाराल तर बंगळूरची विज्ञान संस्था, टाटा मूलभूत, पवई आणि माटुंगा कुठल्याही मापानं आत येतात. मुंबई विद्यापीठ अख्खं येत नाही, त्याचे काही विभाग येतात. दापोलीला मी मुद्दाम बसवीन, कारण त्याचं काम शेतात उगवून दिसतं.

आपल्या पोरीला बीएस्सी करायची असेल तर या यादीनं फारसा फरक पडत नाही. तिला रोज तासाला येणारे शिक्षक हवेत, चालू प्रयोगशाळा हवी आणि मुक्कामाला वसतिगृह. यादी कामाची ठरते ती पीएचडीच्या वेळी. तेव्हाही विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शक कोण, त्याचे आधीचे विद्यार्थी काय करतात, हे विचारावं. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची पीएचडीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५० जणांना. ती घ्यायला विद्यापीठ या यादीतलंच असावं लागत नाही. विषय नागलीचाही चालतो.