रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी

२ मार्च १९५५. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात शाळा सुटल्यावर क्लॉडेट कोल्विन ही १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी मैत्रिणींबरोबर घरी जायला बसमध्ये चढली. गर्दी वाढली आणि एका गोऱ्या बाईला जागा मिळेना, तेव्हा ड्रायव्हरनं या मुलींना उठायला सांगितलं. मैत्रिणी उठल्या. क्लॉडेट उठली नाही. आपण तिकीट काढलंय आणि इथं बसणं हा आपला घटनात्मक हक्क आहे, असं ती म्हणत राहिली. पोलिसांनी तिला ओढून खाली उतरवलं, हातकड्या घातल्या आणि मोठ्या माणसांच्या तुरुंगात नेऊन डांबलं. त्याच शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला तो १ डिसेंबरला, म्हणजे नऊ महिन्यांनी.

पार्क्सबाई जगभर पोचल्या, क्लॉडेट बरीच वर्षं मागं राहिली. पण तिच्या हट्टामागं एक शाळा होती, ती गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये त्या वर्षीचा फेब्रुवारी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला दिलेला होता. त्या दिवशी आपल्या एका खांद्यावर हॅरिएट टबमनचा आणि दुसऱ्यावर सोजर्नर ट्रुथचा हात होता, त्यांनीच आपल्याला सीटवर दाबून धरलं, असं तिनं पुढे अनेकदा सांगितलं. या दोघीही जन्मानं गुलाम, पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या. सरकारी पाठ्यपुस्तकात त्यांना मानाची जागा नव्हती, ती या शाळेतल्या शिक्षकांनी दिली. धडा संपला आणि दोन-तीन दिवसांत मुलीनं तो बसमध्ये वापरून दाखवला.

हा फेब्रुवारी शाळांत आला कार्टर जी. वुडसन यांच्यामुळे. त्यांचा जन्म १८७५चा, आईवडील दोघंही एकेकाळचे गुलाम. तरुणपणी ते वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत राबले, विसाव्या वर्षाच्या सुमाराला हायस्कुलात गेले आणि १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. हार्वर्डमध्ये हा मान मिळवणारे ते दुसरेच कृष्णवर्णीय, पहिले डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस. वुडसननी १९१५ साली इतिहाससंशोधनाची संस्था काढली, पुढच्या वर्षी नियतकालिक सुरू केलं आणि १९२६ साली ‘निग्रो हिस्ट्री वीक’ची हाक दिली. आठवडा निवडला फेब्रुवारीतला, कारण लिंकनचा वाढदिवस १२ तारखेचा आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचा १४चा. (डग्लसना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, १४ फेब्रुवारी त्यांनी आपली आपण ठरवली होती.)

सप्ताह पाळा म्हणून सांगणं सोपं. शिक्षकानं वर्गात उभं राहून बोलायचं काय, हा खरा प्रश्न. वुडसन शिक्षकांना चित्रं, धडे, बसवायला छोटी नाटकं, तारखांच्या याद्या असं सामान पाठवत. १९३७पासून शाळांसाठी वेगळं मासिकही निघू लागलं. दक्षिणेत ते वर्गात वापरायला छाती लागे. लुइझियानातल्या टेसी मॅक्गी या शिक्षिकेची हकिगत तिच्या एका विद्यार्थ्यानं सांगून ठेवली आहे. साल १९३३च्या आसपासचं. टेबलावर सरकारी अभ्यासक्रम उघडा असायचा आणि मांडीवर वुडसन यांचं पुस्तक. मुलांना ऐकू यायचं ते मांडीवरचं. मुख्याध्यापक दारात आले, की बाईंची नजर टेबलावरच्या कागदावर जायची.

वुडसन १९५० साली वारले. पुढे १९७६ साली अध्यक्ष फोर्ड यांनी सप्ताहाच्या जागी अख्ख्या महिन्याला अधिकृत मान्यता दिली. मान्यता मिळाली आणि साचाही पडला. भिंतीवर तेच चार फोटो, त्याच चार ओळी. या साच्यात रोझा पार्क्ससुद्धा हरवल्या. दिवसभर शिवणकाम करून दमलेली गरीब बाई उठली नाही, एवढीच कथा मुलांना सांगितली जाते. वास्तविक त्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. १९४४ साली रीसी टेलर या कृष्णवर्णीय स्त्रीवर गोऱ्यांच्या टोळक्यानं बलात्कार केला, तेव्हा तपासाला याच गेल्या होत्या. १९५५च्या उन्हाळ्यात हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत प्रशिक्षणही घेऊन आल्या होत्या. आणि संघटनेच्या युवक शाखेत क्लॉडेटला आधार देणाऱ्याही त्याच.

मग क्लॉडेट मागं का राहिली? वर्गात विचारायचा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर गोऱ्यांच्या दुष्टपणावर ढकलून मोकळं होता येत नाही. तिला बाजूला ठेवलं ते स्वकीयांनीच. वय कोवळं, वस्ती गरिबांची, रंग जास्त काळा, स्वभाव तडकाफडकी. त्यात पुढे तिला दिवस गेले, लग्न झालेलं नव्हतं. नेत्यांना लोकांपुढे उभा करायला निष्कलंक चेहरा हवा होता. शिवाय अपिलात पोलिसावर हल्ला केल्याचा आरोप तेवढा शिल्लक राहिला होता, त्यामुळे त्या खटल्यातून बसच्या कायद्याला आव्हान देणंही अवघड झालं होतं. चळवळीच्या हिशेबानं नेत्यांचा निर्णय चूक म्हणता येणार नाही. पण पुस्तकांनीही तोच हिशेब पुढची पन्नास वर्षं चालू ठेवावा, याला काही कारण नव्हतं. कारण बसमधला भेदभाव कायद्यानं संपवला तो ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या वेगळ्या खटल्यानं. वकील फ्रेड ग्रे यांनी उभ्या केलेल्या फिर्यादींत रोझा पार्क्स नव्हत्या. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅक्डोनाल्ड, मेरी लुइस स्मिथ होत्या आणि क्लॉडेट होती. नोव्हेंबर १९५६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं कायम केला. क्लॉडेट न्यूयॉर्कला गेली, तिथं वृद्धाश्रमात रुग्णांची शुश्रूषा करत तिचं आयुष्य गेलं. फिलिप हूज यांनी तिच्यावर लिहिलेल्या किशोरांसाठीच्या पुस्तकाला २००९चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, आणि मग शाळांना ती ठाऊक झाली. पोलीस दप्तरातली तिची नोंद पुसली गेली २०२१ साली, वयाच्या ८२व्या वर्षी.

मुलं केवळ ऐकणारी न राहता शोधणारी झाली, तर काय होतं याचं एक उदाहरण थक्क करणारं आहे. क्लाइड केनार्ड हा कोरियन युद्धात लढलेला कृष्णवर्णीय माजी सैनिक. शिकागो विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून तो कुटुंबाचा कोंबड्यांचा फार्म सांभाळायला मिसिसिपीत परतला आणि जवळच्या, फक्त गोऱ्यांच्या सरकारी कॉलेजात प्रवेश मागू लागला. पुनःपुन्हा मागत राहिला. १९६० साली त्याच्यावर २५ डॉलरच्या कोंबडीखाद्याच्या चोरीला फूस दिल्याचा आरोप ठेवून सात वर्षांची सजा ठोठावली. प्रत्यक्ष चोरी करणारा मोकळा सुटला. तुरुंगात केनार्डला कॅन्सर झाला. मरणाच्या दारात असताना त्याला सोडलं. ४ जुलै १९६३ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो गेला. पुढे चार दशकांनी इलिनॉयमधल्या एका हायस्कूलचे तीन विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक बॅरी ब्रॅडफर्ड यांनी या खटल्याची कागदपत्रं उकरायला घेतली. त्यांच्या सोबतीला वकील होते, पत्रकार जेरी मिचेल होते. मूळ साक्षीदारानं आपली साक्ष खोटी असल्याचं कबूल केलं, आणि मे २००६मध्ये मिसिसिपीतल्या न्यायालयानं केनार्डला निर्दोष ठरवलं. इतिहासाच्या तासाला याहून मोठे गुण कोण देणार?

अलीकडे वारं उलटं वाहतं आहे. २०२१पासून ओक्लाहोमासह अनेक राज्यांनी वंशभेदाविषयी वर्गात काय बोलावं यावर कायद्यानं बंधनं आणली. न्यू जर्सीसारख्या राज्यात मात्र २००२पासून उलट कायदा आहे, हा इतिहास शिकवलाच पाहिजे असा.

त्या न्यू जर्सीत आणि इतरत्र मराठी घरांतली मुलंही शिकतात. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांची नातवंडं तिकडे असतील. ‘नॅशनल हिस्ट्री डे’ ही १९७४ साली क्लीव्हलँडला सुरू झालेली स्पर्धा आज तिथल्या शाळकरी मुलांना स्वतः संशोधन करून माहितीपट, प्रदर्शन किंवा नाटक करायला लावते. विषय शोधणाऱ्या नातवंडाला आनंदीबाई जोशी सांगाल, तर सोबत सुझन ला फ्लेशही सांगा. आनंदीबाई १८८६ साली ज्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तिथूनच १८८९ साली ओमाहा या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीची ही मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडली. आनंदीबाईंना वैद्यकी करायला आयुष्यच मिळालं नाही. सुझननं नेब्रास्कात घोड्यावरून, बग्गीतून फिरत आपल्या माणसांवर वर्षानुवर्षं उपचार केले आणि १९१३ साली वॉल्टहिल गावी रुग्णालय उभं केलं.